जुन्या रेडिओचा व्हॉल्व्ह का जातो?



आपल्यापैकी अनेकांच्या शाळेत, वाचनालयात किंवा घरच्या माळ्यावर एखादा जुना लाकडी पेटीचा रेडिओ असेल. पुढे कापड लावलेले, खाली दोन-तीन मोठी बटणे आणि मागे पुठ्ठ्याचे भोके पाडलेले झाकण. १९५६ साली पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने सुमारे दीडशे गावांत श्रोत्यांची मंडळे बसवली. भाषण ऐकायचे आणि मग त्यावर आपसांत चर्चा करायची, असा तो प्रयोग होता. त्या काळी गाव ज्या पेटीभोवती जमे ती पेटी व्हॉल्व्हची. पुढे १९६० नंतर ट्रान्झिस्टरचे हलके संच आले आणि ही पेटी मागे पडली. पण मागे पडली म्हणजे निकामी झाली, असे मात्र नाही.

अलीकडे पुष्कळ ठिकाणी हौसेने किंवा आठवण म्हणून हे संच पुन्हा बाहेर काढले जातात. लावून पाहतात, आवाज येत नाही, आणि मग कोणीतरी जाणता माणूस निकाल देतो, "व्हॉल्व्ह गेला!" कुठून तरी खटपट करून नवा व्हॉल्व्ह आणतात. तो आठ दिवस चालतो आणि पुन्हा तीच रड. मला आज आपल्याला सांगायचे आहे ते एवढेच : व्हॉल्व्ह गेला असे कळले की काम संपत नाही, तिथून ते सुरू होते. तो आपल्या वयाने गेला, की दुसऱ्या कोणी त्याचा जीव घेतला, हे आधी पाहायचे. नाहीतर चोर सोडून संन्याशाला फाशी दिल्यासारखे होते, आणि चोर घरातच राहतो.

व्हॉल्व्ह म्हणजे काय, हे आधी थोडक्यात पाहू. काचेची नळी, आतली हवा काढून टाकलेली. मध्ये एक बारीक पन्हळी, तिला म्हणायचे ऋणाग्र. तिच्या आत तापणारी तार असते. ऋणाग्रावर बेरियम आणि स्ट्रॉन्शियम या धातूंच्या ऑक्साइडांचा पांढरा लेप असतो. तो तापला की त्यातून इलेक्ट्रॉन, म्हणजे विजेचे कण, बाहेर पडतात. बाहेरच्या बाजूला धातूचे पत्र्याचे नळकांडे असते. ते धनाग्र. त्याला सुमारे अडीचशे व्होल्टचा धन दाब दिलेला असतो, म्हणून ते या कणांना ओढून घेते. या दोहोंच्या मध्ये तारेची बारीक जाळी.

आता ऊसाला पाणी देताना दारे धरणारा गडी डोळ्यांसमोर आणा. पाटाला पाणी भरपूर आहे. गडी खोऱ्याने जरासा मातीचा बांध सारतो, आणि वाफ्यात पाणी जास्त जाते किंवा कमी जाते. श्रम थोडे, पण त्याच्या हाती सगळे पाणी. जाळीचे काम नेमके हेच. तिच्यावर आलेला क्षीण आवाजाचा विद्युतदाब थोडा वरखाली होतो आणि तिच्यामागचा मोठा प्रवाह त्याच तालात वरखाली होतो. आवाज मोठा होतो तो असा. इंग्लंडात फ्लेमिंग यांनी १९०४ साली दोन अग्रांचा व्हॉल्व्ह केला, आणि अमेरिकेत ली डी फॉरेस्ट यांनी १९०६ साली त्यात तिसरे अग्र घातले. हीच युक्ती लाउडस्पीकरच्या जुन्या ॲम्प्लिफायरमध्ये आहे, आणि अमेरिकेत नाणे टाकले की तबकडी वाजवणाऱ्या जुन्या जूकबॉक्स पेट्यांतही हीच आहे. त्यामुळे आज जे सांगतो ते यांतल्या कुणालाही लागू पडेल.

व्हॉल्व्ह आपल्या मरणाने कसा मरतो? एक, आतली तार तुटते, तेव्हा तो उजळतच नाही. दोन, लेप झिजतो, कण कमी निघतात, आवाज बारीक आणि फाटका होतो. तीन, काचेला तडा जाऊन आत हवा शिरते. काचेच्या आतून, बहुधा माथ्याशी, आरशासारखा चंदेरी डाग असतो तो पाहा. तो दुधासारखा पांढरा झाला असेल तर हवा शिरली, तो व्हॉल्व्ह संपला. चार, आतले भाग एकमेकांना टेकतात. पण मित्रहो, जपून वापरलेला व्हॉल्व्ह हजारो तास चालतो. तो आठवड्यात गेला, तर त्याच्या वयाला दोष देता येणार नाही.

कारण शोधायला पेटी उघडावी लागते, म्हणून आधी जिवाची गोष्ट सांगतो. ही नीट ऐका, गुरुजींनी तर मुलांना दोनदा सांगावी. या पेटीत अडीचशे-तीनशे व्होल्टचा दाब असतो. प्लग काढला तरी मोठ्या कन्डेन्सरमध्ये तो काही वेळ साठून राहतो. म्हणून प्लग काढून नुसते थांबायचे नाही, मीटरने दाब मोजायचा. राहिला असेल तर हजार ते दहा हजार ओहमचा, पाच वॉटचा रेझिस्टन्स चांगल्या आवरणाच्या तारेला जोडून त्यातून तो उतरवायचा, आणि पुन्हा मोजायचा. पेचकस टेकवून ठिणगी काढायची नाही. दुसरे, काही संचांत ट्रान्सफॉर्मर नसतो. त्यांना एसी-डीसी संच म्हणत. त्यांच्या लोखंडी चॅसीला विजेची एक तार थेट जोडलेली असते. प्लग उलटा बसला की सगळी चॅसी जिवंत! असा संच चालू असताना चॅसीला, उघड्या पेचाला, मागच्या पिनांना हात लावायचा नाही. तिसरे, चालू संचात मोजमाप करताना मीटरची काळी पिन आधी चिमट्याने अडकवून ठेवा, एकाच हाताने मोजा, दुसरा हात खिशात किंवा पाठीमागे. पायाखाली कोरडी फळी हवी. आणि चौथे, मुलांनी पाहावे, विचारावे, लिहून घ्यावे; झाकण काढलेल्या चालू संचात हात मात्र घालू नये. एवढे पाळायची तयारी नसेल तर झाकण उघडूच नये, जाणत्या कारागिराला बोलवावे.

आता तपासणी. पहिली पायरी वीज न लावता. तार वाळून चिरली आहे काय? फ्यूज शाबूत आहे काय? उंदरांनी आत घर केले आहे काय? मागे व्होल्टेज बदलण्याची खुंटी असते, ती कोणत्या आकड्यावर आहे? आज आपल्याकडे घरगुती विजेचा ठरलेला दाब २३० व्होल्ट आहे, आणि काही ठिकाणी तो त्याहून चढतो. खुंटी २०० वर राहिली असेल तर सगळे व्हॉल्व्ह गरजेपेक्षा जास्त तापतील आणि लवकर झिजतील. तिला २४० किंवा २५० चे घर असेल तर तिथे लावा.

मग एकेक व्हॉल्व्ह सरळ वर, हलक्या हाताने काढा. कोणता कुठला, याचा कागदावर नकाशा काढून ठेवा. पिना काळ्या पडल्या असतील तर स्वच्छ करा आणि व्हॉल्व्ह त्याच जागी दोन-चार वेळा आतबाहेर करून बसवा. ऐकून हसू येईल, पण पुष्कळ 'मेलेले' व्हॉल्व्ह एवढ्यानेच जिवंत होतात. दोष त्यांचा नसतोच, तो गंजलेल्या सॉकेटचा असतो.

दुसरी पायरी सिरीज दिव्याची. वर्षानुवर्षे बंद असलेला संच एकदम भिंतीच्या प्लगात घालू नका. वायरमन वापरतात तसा सिरीज बोर्ड घ्या, त्यात ६० वॉटचा जुन्या पद्धतीचा तारेचा दिवा लावा. इथे एलईडी दिवा चालणार नाही. संचाची वीज या दिव्यातून जाऊ द्या. दिवा आधी उजळला आणि मग मंदावला, तर ठीक. तो भकाभक पेटूनच राहिला, तर आत कुठेतरी शॉर्ट आहे. ताबडतोब बंद करा. दिवा नसता तर या क्षणी ट्रान्सफॉर्मर जळला असता, आणि तसा ट्रान्सफॉर्मर आता मिळणे व्हॉल्व्हपेक्षाही कठीण.

तिसरी पायरी, कोण उजळतो ते पाहणे. इथे व्हॉल्व्हच्या नावाची गंमत कामी येते. युरोपी पद्धतीच्या व्हॉल्व्हच्या नावातले पहिले अक्षर त्याच्या तारेला काय लागते ते सांगते. ईएल ८४, ईसीएच ८१, ईझेड ८० यांतला 'ई' म्हणजे ६.३ व्होल्ट. ही मंडळी एकाच पाटावरच्या वेगवेगळ्या वाफ्यांसारखी. एकाची तार तुटली तर तो एकटाच अंधारात. 'यू' अक्षराचे व्हॉल्व्ह एसी-डीसी संचातले. त्यांच्या तारा माळेसारख्या एकापुढे एक जोडलेल्या, सर्वांतून १०० मिलिअँपिअर प्रवाह. यूसीएच ८१ ला १९ व्होल्ट, यूबीएफ ८९ ला १९, यूसीएल ८२ ला ५० आणि यूवाय ८५ ला ३८, बेरीज १२६. उरलेले शंभरेक व्होल्ट एका मोठ्या रेझिस्टन्समध्ये जिरतात. इथे एकाची तार तुटली की दिवाळीच्या जुन्या माळेप्रमाणे सगळी रांग विझते. मग चारही व्हॉल्व्ह गेले म्हणून टाकून देऊ नका! प्लग काढा, एकेक व्हॉल्व्ह बाहेर काढून त्याच्या तापतारेच्या दोन पिना मीटरवर तपासा. तुटलेला एकच निघेल. रेझिस्टन्सही तपासा, कित्येकदा तोच तुटलेला असतो.

'डी' अक्षराचे व्हॉल्व्ह बॅटरीच्या संचातले. वीज नसलेल्या गावांत हेच चालत. त्यांची तार १.४ व्होल्टची, आणि धनाग्राची बॅटरी बहुधा ९० व्होल्टची. जोडताना या दोन बॅटऱ्यांची अदलाबदल झाली की सगळे व्हॉल्व्ह एका क्षणात जातात. म्हणून अशा संचाला वीज लावण्याआधी चिठ्ठी वाचा, मोजा, मगच जोडा. आणखी एक सावधगिरी : ईसीएल ८२, पीसीएल ८२ आणि यूसीएल ८२ हे दिसायला भाऊ, बैठकही एकच. पण त्यांच्या तारांना ६.३, १६ आणि ५० व्होल्ट लागतात. बसला म्हणून चालेल असे नाही. दुकानदाराला अक्षरासकट पूर्ण नाव सांगा.

चौथी पायरी, दोष कोणत्या अर्ध्या भागात आहे ते ठरवणे. ट्रान्सफॉर्मरच्या संचाला मागे ग्रामोफोन जोडायची भोके असतात. तिथे मोबाईलचा किंवा रेकॉर्ड-प्लेअरचा आवाज अगदी हलका ठेवून द्या. गाणे स्वच्छ वाजले तर मागचा निम्मा संच चांगला. दोष पुढच्या, केंद्र पकडणाऱ्या भागात. वाजले नाही तर दोष मागे. एका परीक्षेत निम्मे काम संपले! एसी-डीसी संचावर मात्र ही परीक्षा करू नका, ती भोकेही जिवंत असू शकतात. संच चालू असताना मोठा 'घूं' असा आवाज येत असेल तर तो बहुधा मोठ्या कन्डेन्सरचा दोष, व्हॉल्व्हचा नव्हे. पेन्सिलीच्या रबराने व्हॉल्व्हला टिचकी मारल्यावर घंटेसारखा नाद आला, तर मात्र तो व्हॉल्व्ह आतून सैल झाला आहे.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येतो. स्पीकरला जोर देणारा शेवटचा व्हॉल्व्ह, समजा ईएल ८४, पुन्हा पुन्हा जातो आहे. कोण मारतो त्याला?

त्याच्या जाळीकडे आवाज येतो तो एका लहान कन्डेन्सरमधून. बहुधा ०.०१ मायक्रोफॅरडचा, कागद आणि मेण यांचा. त्याचे काम असे की आवाज पुढे सोडायचा आणि आधीच्या व्हॉल्व्हचा मोठा धन दाब अडवायचा. साठ-सत्तर वर्षांत कागद ओलावा धरतो, बांध झिरपू लागतो. जाळीवर धन दाब चढतो. म्हणजे दारे धरणाऱ्या गड्याचाच हात कोणी ओढून धरला! पाणी अडतच नाही, धनाग्र लालभडक होते, व्हॉल्व्ह मरतो. आपण दुसरा बसवतो, तोही त्याच वाटेने जातो.

हे ओळखायचे कसे? ईएल ८४ च्या तीन नंबरच्या पिनेवर ऋणाग्र असते. तिथून चॅसीपर्यंत एक रेझिस्टन्स असतो, बहुधा १३५ ओहमच्या आसपास. त्यावर सात व्होल्टच्या जवळपास दाब असावा. समजा तो १२ व्होल्ट भरला. गुरुजी, इथे ओहमचा नियम फळ्यावर मांडा : १२ भागिले १३५, म्हणजे सुमारे ८९ मिलिअँपिअर. या व्हॉल्व्हच्या ऋणाग्राची कमाल मर्यादा ६५. बैलाच्या खांद्यावर सव्वापटीहून जास्त ओझे दिले आहे, हे मुलांना आकड्यातच दिसेल.

आता दोन नंबरची पिन, म्हणजे जाळी, मोजा. तिथे जवळजवळ शून्य हवे. दोन-चार व्होल्ट धन दिसले तर संच बंद करा, ईएल ८४ काढा, थोडा वेळच पुन्हा लावून तीच जागा मोजा. दाब तसाच राहिला, तर झिरपणारा कन्डेन्सर चोर. दाब नाहीसा झाला, तर व्हॉल्व्हच्या आतच वायू आहे, तो बदला. ही परीक्षा 'ई' व्हॉल्व्हच्या संचातच होते. माळेच्या संचात एक काढला की सगळेच विझतात. आणि तीन नंबरवर शून्य दाब असून व्हॉल्व्ह लाल होत असेल, तर ऋणाग्राचा छोटा कन्डेन्सर शॉर्ट झाला आहे असे समजा.

दोषी कन्डेन्सरच्या जागी तेवढ्याच क्षमतेचा, ६३० व्होल्टचा नवा पॉलिएस्टरचा कन्डेन्सर घाला आणि नीट डाग द्या. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या बुधवार पेठेत तो काही रुपयांत मिळतो. या काही रुपयांच्या वस्तूमुळे शेकडो रुपयांचे व्हॉल्व्ह जात असतात.

असेच आणखी दोन-तीन चोर आहेत. एसीची डीसी करणारा व्हॉल्व्ह, म्हणजे ईझेड ८० सारखा, वारंवार जात असेल तर त्याच्यापुढचा मोठा कन्डेन्सर तपासा. स्पीकरच्या ट्रान्सफॉर्मरची तार तुटली असेल तर ईएल ८४ च्या धनाग्राला दाब मिळत नाही, सगळा भार आतल्या दुसऱ्या जाळीवर पडतो आणि ती लाल होते. म्हणून स्पीकर सोडवून संच कधी चालू करू नका. आणि एक चोर तर आपणच पाळतो. पेटी भिंतीला चिकटवायची, वर भरतकामाचा रुमाल मागपर्यंत सोडायचा, म्हणजे मागची भोके बंद. व्हॉल्व्हला वारा हवा असतो. मागे वीतभर जागा सोडा.

उलट काही खुणा पाहून घाबरू नये. काचेच्या आतल्या बाजूला निळसर झाक दिसली तर ती बहुतेक निरुपद्रवी असते. मात्र आतल्या भागांच्या मधोमध गुलाबी-जांभळा उजेड भरला तर वायू समजावा. केंद्र लावताना मिटणारा हिरवा डोळा मंद झाला, तर त्याचा लेप झिजला एवढेच. आवाज त्यामुळे जात नाही.

खरोखरच व्हॉल्व्ह बदलायची वेळ आली तर एका वेळी एकच बदला आणि फरक लिहून ठेवा. चार एकदम बदलले तर संच वाजेलही, पण दोष कशात होता ते कळणार नाही, आणि तीन चांगले व्हॉल्व्ह कचऱ्यात जातील. आपल्या देशात बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ साली रेडिओचे व्हॉल्व्ह करायला सुरुवात केली होती. तो काळ आता गेला. ईएल ८४ सारखे काही प्रकार परदेशात अजून तयार होतात, कारण गिटारच्या ॲम्प्लिफायरला ते लागतात. रेडिओचे बाकीचे बहुतेक व्हॉल्व्ह जुन्या साठ्यातूनच मिळवावे लागतात. जो चांगला व्हॉल्व्ह आपण फेकू, तो पुन्हा मिळेलच असे नाही.

शिक्षकमित्रांना एक विनंती. शाळेत असा संच असेल तर त्याची एक वही करा. तारीख, खूण, काय मोजले, काय बदलले आणि मग काय झाले, अशी पाच घरे आखा. मुलांना सांगा, आधी पाहायचे, मग मोजायचे, मग एकच गोष्ट बदलायची. पीक पिवळे पडले की पहिली खताची गोणी टाकण्याआधी मुळाशी पाणी साचले आहे काय ते पाहणारा शेतकरी, आणि जाळीवरचा दाब मोजल्याशिवाय व्हॉल्व्ह न बदलणारा मुलगा, दोघे एकाच शाळेत शिकले म्हणायचे. संच दुरुस्त झाला तर उत्तमच. पण ही सवय लागली तर त्या मुलाच्या हाताखालून पुढे जाणारा विहिरीचा पंप, मळणीचे यंत्र आणि घरची वीज, या सगळ्यांचे आयुष्य वाढेल, आणि त्याचा स्वतःचा जीवही सांभाळला जाईल.

तेव्हा या आठवड्यात माळ्यावरची पेटी खाली काढलीत, तर प्लग लावण्याची घाई करू नका. आधी पुसा, पाहा, मोजा.